जुना ट्रॅक्टर अचानक स्टार्ट होत नाही, दुरुस्त केला तरी पुन्हा तेच: नेमकं कुठं बघायचं

जुना डिझेल ट्रॅक्टर सकाळी स्टार्ट झाला नाही की पहिला आळ बॅटरीवर येतो, मग सेल्फवर (इंजिन फिरवून देणारी मोटर), मग डिझेल पंपावर, आणि त्याच क्रमाने एकेक पार्ट बदलत गेलं की खर्च होतो पण दुखणं जागच्या जागी राहतं, आठ-पंधरा दिवसांनी पुन्हा वर येतं. म्हणून पाना हातात घ्यायच्या आधी एकच गोष्ट ठरवा, चावी फिरवल्यावर इंजिन करतंय काय? अजिबात फिरत नाही, की फिरतं पण जड, रडत रडत, की मस्त जोरात फिरतं आणि तरी पेट घेत नाही. तिघांची कारणं वेगळी आहेत आणि एकाचा उपाय दुसऱ्यावर केला तर काही उपयोग होत नाही.

त्याच्याही आधी दोन मिनिटं साध्या गोष्टींना द्या. इंजिन बंद करायची स्टॉपची दांडी पूर्ण आत गेलीय का? जुन्या गाड्यांमध्ये तिची केबल गंजून अडकते, दांडी आत दिसते पण पंपावरचा लिव्हर अजून बंदच्याच जागी असतो, त्यामुळे दांडीकडे बघू नका, पंपावरचा लिव्हर हाताने हलवून बघा. डिझेलचा कॉक उघडा आहे का, गिअर न्यूट्रलला आहे का, पीटीओ (अवजाराला ताकद देणारा मागचा शाफ्ट) काढलेला आहे का, क्लच पूर्ण दाबला जातोय का. बऱ्याच ट्रॅक्टरला क्लचखाली किंवा गिअरच्या दांडीपाशी सेफ्टी स्विच असतो, तो चिखलाने भरला किंवा त्याची वायर तुटली तर सेल्फला करंटच जात नाही, आणि मग सगळं चांगलं असूनही गाडी मुकी होते.

इंजिन फिरतच नाही

हेडलाईट लावा आणि चावी फिरवा, दुसऱ्याला पुढे उभं करायची गरज नाही, समोर भिंत असली तरी कळतं (हे करताना कुणी गाडीच्या पुढे नकोच). लाईट एकदम विझल्यासारखा झाला तर बॅटरी उतरली आहे किंवा कुठंतरी कनेक्शन धरत नाही. लाईट जसाच्या तसा राहिला आणि आवाजही नाही तर करंट सोलेनॉईडपर्यंत (सेल्फला करंट जोडणारा विजेचा स्विच) पोचतच नाही, म्हणजे चावीचा स्विच, सेफ्टी स्विच किंवा मधली बारीक वायर बघा. लाईट थोडा मंद होऊन एकच ठळक "खट्" आला आणि पुढे काही नाही, तर सोलेनॉईडचे आतले कॉन्टॅक्ट जळालेले असतील, सेल्फ अडकला असेल किंवा इंजिनच जाम असेल. आणि कट कट कट कट असा सलग आवाज म्हणजे शंभरातल्या बहुतेक वेळा बॅटरी नाहीतर टर्मिनल.

बॅटरी मापायची ती गाडी रात्रभर उभी राहिल्यानंतर. १२.६ व्होल्टच्या आसपास म्हणजे पूर्ण चार्ज, १२.२ म्हणजे अर्धी, १२ च्या खाली असेल तर ती आधी चार्जिंगला लावा, बाकी तपासणी नंतर. पण नुसतं हे माप फसवतं. खराब झालेली बॅटरी सुद्धा मोकळी असताना १२.५ दाखवते आणि सेल्फ मारला की आठवर कोसळते. म्हणून सेल्फ मारत असताना माप घ्या, साडेनऊच्या खाली गेली तर एकतर बॅटरी गेली आहे किंवा सेल्फ नको तेवढा करंट ओढतोय.

टर्मिनलकडे जरा नीट बघा. वरचं पांढरं-हिरवं पीठ सगळ्यांना दिसतं, ते गरम पाण्यात खायचा सोडा टाकून धुतलं की निघतं, पण खरा त्रास देते ती क्लॅम्प आणि शिशाचा खुंट यांच्या मधली काळपट पातळ साय. वरून घट्ट, स्वच्छ दिसणारा क्लॅम्प काढून बघितला तर आतून खुंट चमकायला पाहिजे तिथं तो मळकट करडा असतो, तिथून लाईट पेटण्यापुरता करंट जातो पण सेल्फला लागणारा शेकडो अँपिअर जात नाही. पॉलिश पेपरने आतून बाहेरून घासा, घट्ट बसवा, मग वरून व्हॅसलीन. काढताना अर्थची केबल आधी काढायची आणि बसवताना ती सगळ्यात शेवटी, म्हणजे पाना चुकून बॉडीला लागला तरी ठिणगी उडणार नाही, चार्जिंगला बॅटरीतून हायड्रोजन निघतो आणि तो पेट घेतो. काही फार जुन्या मॉडेलला प्लस अर्थ असायचा, तेव्हा कुठली केबल बॉडीला गेली आहे ते डोळ्याने बघा, रंगावर जाऊ नका.

पुन्हा पुन्हा येणाऱ्या त्रासात अर्थिंगची केबल फार वेळा सापडते, आणि ती कोणी बघत नाही. तिचं दुसरं टोक चेसिसला किंवा गिअर बॉक्सला बोल्टखाली असतं, तिथं रंग, गंज, ग्रीस, चिखल सगळं साचलेलं. व्होल्ट मीटरची एक वायर बॅटरीच्या अर्थच्या खुंटावर ठेवा (क्लॅम्पवर नाही, खुंटावरच), दुसरी इंजिनच्या ब्लॉकवर उघड्या लोखंडावर, आणि सेल्फ मारायला सांगा. अर्धा व्होल्ट किंवा जास्त दिसला तर तो अर्धा व्होल्ट त्या केबलमध्ये वाया जातोय. तसंच प्लसच्या खुंटापासून सेल्फच्या बोल्टपर्यंत माप घ्या. एवढं केलं की कुठलाही पार्ट न खोलता कळतं की दोष बॅटरीत आहे, केबलमध्ये आहे की सेल्फमध्ये.

बॅटरी चांगली आहे पण दर दोन-तीन दिवसांनी उतरते, असं असेल तर गाडी चालू असताना माप घ्या, १३.८ ते १४.४ च्या दरम्यान पाहिजे, नसेल तर पट्टा ढिला आहे नाहीतर अल्टरनेटर चार्ज करत नाही. चार्जिंग बरोबर असेल तर बंद गाडीत कोणीतरी करंट खातंय. अर्थ केबल काढून मधे अँपिअर मीटर लावा, जुन्या साध्या ट्रॅक्टरमध्ये तिथं जवळपास शून्य यायला पाहिजे (मीटर लावलेला असताना सेल्फ मारू नका, मीटरचा फ्यूज जातो). सकाळी थंड गाडीचा अल्टरनेटर हाताला कोमट लागला तर त्याचा डायोड गेला म्हणून समजा, रात्रभर बॅटरी त्याच्यातूनच उतरत असते.

आता एक गोष्ट मनापासून सांगतो. खाली उभं राहून पेचकस लावून सेल्फच्या दोन बोल्टांना शॉर्ट करून गाडी चालू करायची सवय खूप जणांना आहे, कृपा करून ती सोडा. तसं केल्यावर सेफ्टी स्विचचा काही संबंध राहत नाही, गाडी गिअरमध्ये असेल तर ती त्याच क्षणी पुढे निघते आणि करणारा माणूस बरोबर मागच्या चाकाच्या पुढ्यात उभा असतो. यात माणसं गेलेली आहेत, आणि ती नवशिकी नव्हती. सेफ्टी स्विच खराब असेल तर तो बदला, वायर जोडून बायपास करू नका.

फिरतं पण जड

डिझेल इंजिनला ठिणगी नसते, हवा साधारण सोळा ते अठरा पट दाबली जाते आणि त्या दाबाच्या उष्णतेवर डिझेल पेटतं. इंजिन हळू फिरलं की दाबलेल्या हवेची उष्णता सिलेंडरच्या भिंतीत निघून जाते, दाबही रिंगांमधून निसटतो, आणि मग डिझेल येऊनही पेटत नाही. त्यामुळे "फिरतंय की" असं म्हणून बॅटरी सोडून देऊ नका, फिरण्याचा वेगच इथं महत्त्वाचा. वरची केबलची तपासणी इथंही तशीच लागू. कोणी बॅटरीची केबल बदलली असेल आणि बारीक टाकली असेल तर ती सेल्फ मारल्यावर गरम होते, हात लावला की कळतं. सेल्फचे बुश झिजले तर आतला फिरणारा आर्मेचर बाहेरच्या भागाला घासतो, फिरतो पण ताकद राहत नाही, गरम झाल्यावर तर जास्तच. थंडीच्या दिवसात जाड ऑइल असेल तर त्यानेही जडपणा येतो.

इंजिन थोडं फिरून एकदम "धप्" थांबत असेल, दर वेळी त्याच ठिकाणी, तर सेल्फ मारत बसू नका. एखाद्या सिलेंडरमध्ये पाणी किंवा डिझेल साठलं असू शकतं, पातळ पदार्थ दाबला जात नाही आणि जबरदस्ती केली तर कनेक्टिंग रॉड वाकतो. डिपस्टिक काढा, ऑइल दुधाळ झालंय का बघा (पाणी), पातळ होऊन पातळी वाढलीय का बघा, डिझेलचा वास येतोय का (फीड पंपाचा, म्हणजे टाकीतून डिझेल ओढणाऱ्या छोट्या पंपाचा, पडदा फाटला की डिझेल खालच्या ऑइलच्या चेंबरमध्ये उतरतं). शंका आली तर नोझल (सिलेंडरमध्ये डिझेल फवारणारा भाग) काढून हाताने इंजिन फिरवायचं, मगच पुढे. धक्का देऊन किंवा ओढून तर अशा गाडीला अजिबात चालू करायचं नाही.

जोरात फिरतं पण पेट घेत नाही

इथं सायलेन्सरकडे बघा. सेल्फ मारताना पांढरट धूर येतोय म्हणजे डिझेल सिलेंडरपर्यंत पोचतंय पण पेटत नाही, मग थंडीचा हिटर किंवा ग्लो प्लग (सिलेंडरमधली हवा तापवणारा), कॉम्प्रेशन (हवा दाबण्याची ताकद), टायमिंग (डिझेल फवारायची वेळ), डिझेलमधलं पाणी असं बघायचं. काहीच धूर नाही म्हणजे डिझेल येतच नाही, आणि जुन्या ट्रॅक्टरमध्ये बहुतेक वेळा हेच असतं. ज्या पंपाला चावीने चालणारा, डिझेल बंद-चालू करणारा शट-ऑफ सोलेनॉईड आहे तिथं चावी ऑन केल्यावर पंपापाशी बारीक "टक" ऐकू यायला पाहिजे, नाही आला तर त्याच्या वायरला १२ व्होल्ट येतात का बघा.

डिझेल येत नाही याचं सगळ्यात नेहमीचं कारण म्हणजे लाईनने एअर घेतली, म्हणजे डिझेलच्या पाईपात हवा शिरली. एअर काढायची पद्धत थोडक्यात अशी. टाकी निदान अर्धी भरा, फिल्टरच्या आजूबाजूचा मळ आधी पुसून घ्या, कारण तिथं पडलेला एक कण नोझलपर्यंत जातो. पहिल्या फिल्टरचा एअर स्क्रू ढिला करा, फीड पंपाची हाताची दांडी मारत राहा, बुडबुडे थांबून सलग डिझेल यायला लागलं की दांडी मारता मारताच स्क्रू घट्ट करा. मग दुसरा फिल्टर, मग पंपावरचा स्क्रू. हाताच्या दांडीला काहीच दाब लागत नसेल तर फीड पंपाचा कॅम वर आला आहे, इंजिन एक फेरा फिरवा आणि पुन्हा मारा, फीड पंप खराब झाला म्हणून लगेच काढू नका. शेवटी अ‍ॅक्सिलेटर पूर्ण ओढून दोन नोझलच्या पाईपांचे नट एकेक फेरा ढिले करा, सेल्फ मारा, थेंब यायला लागले की नट घट्ट. सेल्फ एका वेळी दहा-पंधरा सेकंद, मग मिनिटभर विश्रांती, नाहीतर आतली वायंडिंग जळते. आणि ढिल्या नटापाशी बोट नको. नोझल साधारण पावणेदोनशे ते दोनशे बारच्या वर उघडतात, त्या दाबाची बारीक धार कातडीतून आत जाते, वरून फक्त टोचल्यासारखं दिसतं आणि आतलं मांस सडायला लागतं, असं झालं तर दुखत नसलं तरी त्याच वेळी दवाखान्यात जायचं.

एवढं केल्यावर गाडी चालू होते, सगळे खुश होतात, आणि परवा सकाळी पुन्हा तेच. एअर काढणं म्हणजे दुरुस्ती नाही हो, एअर कुठून आत येते ते शोधणं म्हणजे दुरुस्ती. आणि ते सापडत नाही याचं कारण असं की सगळे जण डिझेल कुठं गळतंय ते शोधतात. टाकीपासून फीड पंपापर्यंत ओढ असते, तिथं केसाएवढी फट असेल तर गाडी चालू असताना थेंबही बाहेर येत नाही, उलट हवा आत ओढली जाते, पाईप बाहेरून कोरडा ठणठणीत. फीड पंपाच्या पुढे दाब असतो, तिथं फट असली तर ओल दिसते, पण गाडी बंद केल्यावर तीच फट टाकीतल्या डिझेलच्या पातळीपेक्षा उंचावर असेल तर रात्रभरात डिझेल हळूहळू मागे उतरतं आणि तिथून हवा शिरते. म्हणून एक खूण लक्षात ठेवा, टाकी भरलेली असताना सकाळी एका झटक्यात स्टार्ट आणि टाकी अर्ध्याखाली गेली की किंवा उतारावर लावली की त्रास, असं होत असेल तर पंप, नोझल कशालाही हात लावू नका, फट शोधा.

शोधायचं कुठं? टाकीच्या कॉकची पॅकिंग, खालच्या काचेच्या वाटीचा रबर, फिल्टरच्या मधल्या बोल्टचा ओ-रिंग, मागे जाणारी रिटर्न लाईन, आणि क्लॅम्पखालचा रबरी पाईप. हा पाईप सरळ असताना छान दिसतो, काढून टोकाजवळ वाकवला की आडव्या बारीक भेगा उघडतात. मी बघितलेला सगळ्यात चिवट दोष तांब्याच्या वायसरचा होता. रोज सकाळी एअर काढूनच तो ट्रॅक्टर चालायचा, फिल्टर बदलून झाले, फीड पंपाचं किट टाकून झालं, आणि शेवटी फिल्टरवरच्या बँजो बोल्टचा (मधल्या भोकातून डिझेल जाणारा बोल्ट) वायसर उजेडात धरला तेव्हा त्याच्यावर आरपार एक ओरखडा दिसला, नखाला जेमतेम लागेल एवढा. दोन वायसर बदलले आणि विषय संपला. तांब्याचा वायसर एकदा दाबला गेला की कडक होतो, पुन्हा तोच घट्ट केला तर बसत नाही, नवा टाका, अगदीच नसेल तर लाल होईपर्यंत तापवून गार करा म्हणजे मऊ होतो, आणि दोन्ही बाजू सपाट घासून घ्या. जास्त जोर लावून आटे घालवू नका, आणि आट्यांवर पांढरी टेप तर गुंडाळूच नका, तिचे तुकडे सुटून पंपात जातात.

नजरेने सापडलं नाही तर फीड पंप आणि फिल्टरच्या मधे डिझेलला चालणारा पारदर्शक पाईपचा तुकडा लावा. गाडी चालू असताना त्यातून बुडबुडे पळताना दिसले तर दोष टाकीच्या बाजूला. चालू असताना स्वच्छ पण सकाळी पाईप रिकामा, तर डिझेल मागे उतरतंय, फीड पंपाचे व्हॉल्व्ह धरत नाहीत आणि वरच्या भागात कुठंतरी फट आहे. अजून पक्कं करायचं असेल तर स्वच्छ कॅन पंपापेक्षा उंच बांधून त्याच्यातून थेट फिल्टरला डिझेल द्या, टाकी आणि फीड पंप दोन्ही बाजूला काढून. त्या कॅनवर दोन-तीन सकाळी नीट स्टार्ट झाली तर मागचंच काहीतरी आहे, पंप चांगला आहे, आणि हे कळणं खूप मोलाचं आहे कारण पंपाचं काम महाग पडतं.

दोन दोष असे आहेत की ते येतात, जातात आणि माणसाला वेड लावतात. एक, टाकीच्या झाकणाचं हवेचं भोक बुजणं. गाडी चालू होते, थोडं काम करते, दम तोडते, थोड्या वेळाने पुन्हा चालू होते. झाकण उघडताना "फुस्स" आवाज आला तर हेच. दुसरा, टाकीच्या तळातला कचरा. जुन्या टाकीत गंजाचे पापुद्रे, पानाचा तुकडा, डिझेलमध्ये वाढलेली शेवाळासारखी घाण असते, ती ओढीने तोंडावर येऊन बसते, गाडी बंद पडली की सुटून खाली जाते, आणि मेकॅनिक येईपर्यंत सगळं सुरळीत. झाकण उघडं ठेवून पाईप फीड पंपापाशी सोडा आणि टाकीकडे हलक्या हवेने फुंका, टाकीत बुडबुड ऐकू आलं तर मार्ग मोकळा. कचरा एकदा आहे म्हटल्यावर टाकी खाली उतरवून धुण्याला पर्याय नाही, फिल्टर कितीही बदला.

पाण्याचं सोपं आहे, वॉटर सेपरेटरच्या खालून थोडं डिझेल काचेच्या बरणीत काढा, तासभर ठेवा, पाणी खाली वेगळं दिसतं. टाकी रिकामी ठेवली की आतल्या हवेतली ओल रात्री पत्र्यावर जमते, म्हणून काम संपल्यावर संध्याकाळीच टाकी भरून ठेवणं चांगलं.

थंडीत स्टार्ट होत नाही म्हणून ईथरचा स्प्रे मारणारे आहेत. ज्या इंजिनला ग्लो प्लग किंवा इनटेकमध्ये हिटर आहे तिथं तो मारायचाच नाही, तापलेल्या तारेवर तो तिथंच भडकतो. इतर इंजिनलाही त्याची सवय लागली म्हणजे कॉम्प्रेशन गेलंय हेच खरं असतं. ऑइल भरायच्या तोंडातून जोरात धूर फेकला जातोय, ऑइल खातंय, थंड असताना त्रास आणि एकदा तापलं की दिवसभर नीट, असं असेल तर रिंग, लायनर, व्हॉल्व्ह यांचं माप घ्यायची वेळ झाली.

याच्या उलट, सकाळी गार असताना लगेच स्टार्ट आणि दुपारी तापल्यावर बंद केली की तासभर नाही, तर संशय रोटरी प्रकारच्या डिझेल पंपावर. आतले भाग झिजले की तापलेलं पातळ डिझेल त्या फटीतून निसटतं आणि सेल्फच्या वेगावर नोझल उघडेल एवढा दाब होत नाही. ओला फडका पंपाभोवती गुंडाळून थोडा वेळ थांबा (तापलेल्या पंपावर थेट गार पाणी ओतू नका, जाम होऊ शकतो), मग स्टार्ट झाली तर पंप टेस्ट बेंचवर न्यावाच लागेल. पण त्याआधी तापलेल्या सेल्फचा वेग कमी होतोय का तेही बघा, कारण लक्षण दोघांचं सारखंच दिसतं. पंप काढताना त्याच्या आणि इंजिनच्या फ्लँजवर छिन्नीने एक आरपार रेघ मारून घ्या, म्हणजे तो परत त्याच टायमिंगवर बसेल, उघडी राहिलेली सगळी तोंडं स्वच्छ झाकणांनी बंद करा, आणि ज्याच्याकडे देताय त्याला "स्टार्ट होत नाही" एवढंच सांगू नका, गार असताना कशी, तापल्यावर कशी, धूर कुठल्या रंगाचा आणि कॅनवरून डिझेल दिल्यावर काय झालं हे सगळं सांगा.